एक ते चारमधली चोरी

१

आमच्या सोसायटीत दुपारी एक ते चार या वेळात कुणी मरतसुद्धा नाही, असं मी नेहमी म्हणते. मरायचंच असेल तर माणूस साडेबारापर्यंत उरकतो, नाहीतर चहापर्यंत थांबतो. त्यामुळे त्या गुरुवारी चारच्या सुमाराला शकू जिना चढून आली आणि खालच्या खोलीतला रेकॉर्डर दिसत नाही म्हणाली, तेव्हा चोरापेक्षा त्याच्या वेळेचाच मला जास्त राग आला. चोरी झाली होती, आणि तीही ऐन झोपेच्या वेळी.

मी कुसुम आगाशे. जन्म सदाशिव पेठेतला, मुक्काम आता वारज्याला, पहिल्या मजल्यावर. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, आणि त्यातला बराचसा परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारण्यात. कोणता मुलगा मान अवघडली म्हणून वळवतो आणि कोणता शेजारच्याचा पेपर बघायला, हे मला पाठमोरीलासुद्धा कळायचं. निवृत्तीनंतर या गुणाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, ते त्या दिवशी मिळालं.

खोलीचं आधी सांगते. आमच्या पार्किंगला लागून टेबल टेनिसची एक खोली आहे. टेबल केव्हाच मोडलं, खोली राहिली. आमच्या इमारतींत घरकाम करणाऱ्या बायकांची सकाळची कामं एकला संपतात आणि संध्याकाळची चारनंतर सुरू होतात. मधल्या वेळात जायचं कुठे? घरं लांब, बसला वेळ जातो, आणि पुण्यातल्या बागा दुपारी कुलूपबंद, कारण बागेलासुद्धा झोप हवी. बिचाऱ्या जिन्यात बसून राहायच्या. शकू पाच घरी पोळ्याभाजी करते, पहाटे चारला उठते. गेल्या वर्षी ती त्याच जिन्यात चक्कर येऊन पडली आणि कपाळाला टाके पडले. डॉक्टरांनी बजावलं, रक्तदाब फार आहे, दुपारी झोप घेतली नाही तर पुढच्या वेळी टाक्यांवर भागणार नाही. मग आम्ही काही जणांनी भांडून ती खोली बायकांसाठी मिळवली. नाव ठेवलं विसावा.

सोसायटीनं खोली दिली ती मुदतीनं. पंखे, स्वच्छतागृह, भाडं या सगळ्यासाठी बाहेरून मदत आणा, शुक्रवार संध्याकाळपर्यंत रीतसर प्रस्ताव गेलेला दाखवा, नाहीतर शनिवारपासून तिथे व्यायामशाळा, असं आमचे सचिव हिंमतराव जगदाळे यांनी सभेत जाहीर केलं होतं. ते माझ्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात. मांजरी गावात त्यांचा ऊस होता, तिथे आता टॉवर आहेत. माणूस वाईट नाही, फक्त प्रत्येक रिकाम्या जागेत त्यांना काहीतरी वजनदार ठेवावंसं वाटतं.

प्रस्ताव मागवणारी संस्था एका मोठ्या आयटी कंपनीची. तिची एक अट विचित्र होती. गरजू लोकांचं म्हणणं त्यांच्याच आवाजात ऐकवा, आमच्याकडे येणारे सगळे कागद एकसारखे असतात, असं त्यांनी लिहिलं होतं. मला ती अट आवडली होती. आणि नेमका तो आवाजच आता रेकॉर्डरसकट नाहीसा झाला होता.

२

आमच्यातला आवाजाचा जाणकार म्हणजे योगेश. अकोल्याचा, हिंजवडीत कुठल्याशा स्टुडिओत काम करतो. त्याने बुधवारी सकाळी कामं सुरू व्हायच्या आधी बायकांना खोलीत बोलतं केलं आणि जाताना रेकॉर्डर बंद करायलाच विसरला. त्यामुळे बुधवारची सबंध दुपार, बायकांच्या झोपेसकट, त्यात भरली गेली. गुरुवारी सकाळी माझ्याकडे पोहे खात त्याने हे सगळ्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. थोडंसंच ऐकलं म्हणाला, पण काय अँबियन्स आलाय. कुणीतरी झोपेत बोलतंय, फार पुटपुटतंय, कोण ते कळत नाही. मधूनमधून टक् टक् असं काहीतरी वाजतं, बहुधा पाल. प्रस्तावाची सुरुवात याच आवाजानं करायची, असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. बायकांनाही त्यांचे आवाज ऐकायचे होते, म्हणून सकाळीच जाताना त्याने रेकॉर्डर विसाव्याच्या खिडकीत ठेवला आणि तो हिंजवडीला गेला.

दुसरी प्रत? ती काढली नव्हती. संध्याकाळी काढणार होता. या पिढीचं सगळं ढगात साठवलेलं असतं म्हणतात, फक्त हवं तेव्हा ढग रिकामा असतो.

प्रस्ताव लिहीत होती अपेक्षा, तिसऱ्या मजल्यावरची. ज्या कंपनीची ही संस्था, तिथेच ती नोकरीला. घरून काम करते. कंपनीचं गिऱ्हाईक परदेशात, म्हणून रात्री मीटिंगा, आणि दिवसाही हजेरी लागतेच. पोह्यांच्या बैठकीलासुद्धा ती योगासनांची गुंडाळलेली चटई काखेत आणि उघडा लॅपटॉप हातात घेऊन यायची आणि बोलता बोलता एखादं बटण दाबायची. तिच्या नावापुढे हिरवा दिवा असतो, तो पिवळा झाला की वरच्यांना कळतं, असं तिने मला एकदा समजावलं होतं. मी म्हटलं होतं, आमच्या वेळी मस्टर होतं, ते निदान एकदाच सही मागायचं.

शकूमागोमाग मी खाली आले तेव्हा हिंमतराव आधीच पोचले होते. खिडकीला बारीक जाळी, त्यामुळे खोलीत येण्याजाण्याला एकच वाट, ते लोखंडी शटर. ते वर करताना असा काही खडखडाट होतो की माझ्या घरातली भांडी हलतात. त्या दुपारी मी दोनदाच तो ऐकला. एकला बायका आत गेल्या तेव्हा, रेकॉर्डर त्या वेळी खिडकीतच होता, आणि चारला बाहेर पडल्या तेव्हा. मी दुपारी झोपत नाही, नुसती डोळे मिटून पडते, हे इथे नोंदवून ठेवावं.

हिंमतरावांनी यातून जो निष्कर्ष काढायचा तो काढलाच. बाहेरून कुणी आलं नाही, म्हणजे आतल्यांनीच उचललं. पिशव्या उघडा म्हणाले. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. शकूनं आपली पिशवी पुढे केली, आणि ते बघून माझं डोकं तडकलं. मी म्हटलं, "हिंमतराव, पिशव्याच बघायच्या असतील तर आपल्या दोघांच्या घरांपासून सुरुवात करू. माझ्या कपाटात तुमच्या वाट्या आहेत."

पिशव्या उघडल्या गेल्या नाहीत. पण जाता जाता ते बोलले ते सगळ्यांनी ऐकलं. वस्तू मिळाली नाही तर शनिवारी खोलीला कुलूप, आणि त्या बायकांना कामावर ठेवायचं की नाही हेही सभेत बघू.

तेवढ्यात अपेक्षा धावत खाली आली. रेकॉर्डर गेल्याचं ऐकून मटकन पायरीवरच बसली आणि रडायला लागली. एकपासून मीटिंगमध्येच होते, आत्ता कळलं, असं म्हणत होती. तोंड धुतलेलं होतं, डाव्या गालावर बारीक रेघा उमटल्या होत्या. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

३

त्या संध्याकाळी मी एकेकाला गाठलं. योगेश हिंजवडीच्या गर्दीतून कंपनीच्या बसनं सुटून आला तेव्हा अर्धमेला झाला होता. प्रस्तावात त्याचं नाव कुठेच नव्हतं, याचा त्याला राग होता हे मला माहीत होतं, आणि त्याने ते कबूलही केलं. पण ज्याला खोडाच घालायचा आहे तो रेकॉर्डर आणून खिडकीत कशाला ठेवेल? नुसता खिशात घालून निघून गेला असता तरी काम झालं असतं. योगेशला मी मनातून वगळलं आणि चहा दिला.

हिंमतरावांना वगळणं त्याहून सोपं होतं. त्यांचं घोरणं एकपासून चारपर्यंत माझ्या भिंतीतून अखंड येत होतं. पुरावा म्हणून कुठल्याही कोर्टात चाललं असतं.

राहिल्या बायका. दीपाली म्हणाली, आम्ही झोपलो होतो. दुसरी म्हणाली, आम्ही झोपलो होतो. शकूही तेच म्हणाली. परीक्षेत तीन पेपरांत एकच उत्तर शब्दशः सापडलं की ते कुणीतरी सांगितलेलं असतं. मी शकूकडे नीट पाहिलं. बाकीच्या बायका या सहा महिन्यांत टवटवीत झाल्या होत्या, दीपाली तर कामावर गुणगुणायला लागली होती. शकूच्या डोळ्यांखाली मात्र तेच काळं. सोमवारीसुद्धा तिला माझ्या ओट्याशी घेरी आली होती. मला वाटलं, काळजीनं होत असेल. संसार काही हलका नाही तिचा.

मी तिला स्पष्ट विचारलं. कुणी घेतलं हे तुला ठाऊक आहे का? तिने कणीक मळायची थांबवली. "काकू, मला मागाहून उमगलं. खोली गेली तर आम्ही परत जिन्यात बसू. पण नाव नका विचारू."

म्हणजे नाव होतं. आणि ते वाचवायला ही बाई आपली झोप, म्हणजे जवळजवळ जीवच, सोडायला तयार होती. कुणासाठी, ते मला कळेना.

मग मी खाली जाऊन पुन्हा खोलीत डोकावले. गोधड्या कोपऱ्यात रचल्या होत्या, चौकोनी घड्या, काठाला काठ. फक्त एक गोधडी तशी नव्हती. ती गोल घट्ट गुंडाळून भिंतीशी उभी केली होती.

४

शुक्रवारी एक वाजता मी उशी काखोटीला मारून विसाव्यात गेले. तपासाला आलेय असं सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि माझ्यासाठी गोधडी अंथरली.

मला खिडकीजवळची जागा आवडली, मोकळीच होती. मी तिकडे वळले तर दीपालीनं माझा हात धरून हळूच दुसरीकडे नेलं. इथे पंखा चांगला लागतो म्हणाली. बायका एकीशेजारी एक आडव्या झाल्या, अंगाला अंग लागेल अशा दाटीनं, आणि तरी खिडकीजवळ एका माणसाची जागा रिकामी राहिली. तिच्या कडेला शकू. ती आडवी झाली नव्हती, भिंतीला टेकून बसली होती.

मी डोळे किलकिले ठेवून पहारा सुरू केला. एरवी पूर्ण बंद होणारं शटर आज माझ्यासाठी अर्धंच खाली आलं आणि खोलीत फिकट, दुधाळ अंधार झाला. झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि त्यात धूळ वरखाली होत होती. पंखा एका लयीत कुरकुरत होता. कुणाच्या तरी बांगड्या किणकिणल्या आणि थांबल्या. फोडणीचा, साबणाचा, खोबरेल तेलाचा वास सगळ्यांच्या अंगाला होता, आणि मला माझ्या माहेरची माजघरातली दुपार आठवली. पाच बहिणी आम्ही अशाच निजायचो, कुणाचा पाय कुणाच्या अंगावर. शेजारचा श्वास संथ होत गेला तसा माझाही झाला. मग खोली जरा हलल्यासारखी वाटली, पाण्यावर असावी तशी, आणि बायका तिच्यातून कुठेतरी चालल्या होत्या, सगळ्या मिळून, कुणालाच घाई नव्हती. रिकाम्या जागेत कुणीतरी झोपलं होतं. मी वाकून बघितलं. गालावर बारीक रेघा होत्या, टाक्याला टाका लागून.

मी जागी झाले. म्हणजे, मी झोपले होते. नोंद दुरुस्त करून घ्यावी.

पण डोकं लख्ख झालं होतं. त्या रेघा गोधडीच्या टाक्यांच्या होत्या. गाल गोधडीवर ठेवून तास दोन तास गाढ झोपल्याशिवाय त्या उमटत नाहीत, मीटिंगमध्ये बसून तर नाहीच. गोधडीची अशी गोल गुंडाळी कोण करतं? ज्याला योगासनांची चटई गुंडाळायची सवय आहे तो माणूस. एकला ती बायकांबरोबर आत येत होती आणि चारला बायकांबरोबर बाहेर, म्हणून शटर दोनदाच वाजलं. आज ती आली नव्हती, तरी बायकांनी तिची जागा राखली होती. आणि झोपेत कोण बोललं म्हणून सकाळी पोह्यांवर सगळे हसले, तेव्हा एकच जण हसली नव्हती.

ज्या मुलीनं हा प्रस्ताव शब्द न् शब्द लिहिला, तिनेच त्याचा प्राण पळवला होता. खोलीत शकू टेकल्या जागी पेंगत होती. मी चपला हातात घेऊन शटरखालून वाकून बाहेर पडले.

५

अपेक्षानं दार उघडलं. माझ्याकडे नुसतं बघूनच तिला कळलं. मी म्हटलं, "गालावर गोधडीचे टाके घेऊन मीटिंगला कोण बसतं गं?"

ती आत गेली आणि रेकॉर्डर घेऊन आली. मग सगळं सांगितलं, खाली मान घालून. दोन वर्षं तिला घरात झोप लागत नव्हती. रात्री मीटिंगा, दिवसा पलंगावर पडलं की छातीत धडधड. विसाव्याच्या पहिल्याच दिवशी मापं घ्यायला म्हणून दुपारी गेली आणि बायकांच्या मध्ये बसल्या बसल्या झोपली. त्यानंतर रोज जायला लागली. लॅपटॉप उशाशी ठेवून. कामाच्या वेळेत झोपते हे कंपनीला कळलं तर नोकरी जाईल, आणि ध्वनिफीत जाणार होती त्याच कंपनीत. योगेशला सांगायची लाज वाटली. तेवढा तुकडा पुसायचा आणि मुकाट्यानं रेकॉर्डर परत ठेवायचा, एवढाच तिचा बेत होता.

"मग पुसलास का नाहीस?" मी विचारलं.

तिने रेकॉर्डरचं बटण दाबलं. आधी पंख्याची कुरकुर आली. मग तिचा आवाज, झोपेतला, लहान मुलीचा असावा तसा. आई, दिवा गेला गं, दिवा गेला. आणि लगेच शकूचा, अगदी जवळून: "न्हाई गेला. मी हाय ना जागी. तू नीज."

मग टक्. बराच वेळ पंखा. पुन्हा टक्.

मला क्षणभर उलगडेना. अपेक्षा म्हणाली, "पाल नाही ती, काकू. शकूताई माझ्या लॅपटॉपचं बटण दाबतायत. दिवा हिरवा राहावा म्हणून. चार वाजेपर्यंत, सबंध दुपार. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, माझं नशीब चांगलं आहे, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही."

हे माझ्या हिशेबात नव्हतं. चोर पकडला म्हणून मी मनातल्या मनात जी ऐट करत होते ती पार उतरली. सहा महिने ही खोली ज्या बाईसाठी चालली होती, ती बाई तिथे एक दिवसही झोपली नव्हती. आणि माझ्या ओट्याशी तिला घेरी आली तेव्हा मी तिला लिंबूपाणी देऊन पोळ्या पूर्ण करायला लावल्या होत्या. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

आम्ही दोघी खाली गेलो. बायका उठून बसल्या. अपेक्षानं सगळ्यांसमोर सांगितलं, रेकॉर्डर मी घेतला होता, तुमच्यावर आळ आला तेव्हाही मी गप्प बसले. मग शकूपुढे बसून तिने विचारलं, असं का केलंत? शकू संकोचली. अपेक्षा आता जागी होती, तेव्हा शकू पुन्हा अहोजाहो करत होती. "ताई, तुम्हीच एकदा हसत म्हणाला होता, हा दिवा विझला तर माझं काही खरं न्हाई. ते ऐकल्यावर मला कशी झोप लागणार? खोली तर तुमच्यामुळंच मिळाली. आणि मला जागायची सवय हाय."

मी व्यवहाराचं बोलले. तेवढा तुकडा कापून टाकू, योगेश पाच मिनिटांत करेल, कुणाला कळायचं नाही, मी तर नक्कीच सांगणार नाही. शकूही म्हणाली, कापाच ते. अपेक्षानं लॅपटॉप मांडीवर घेतला. प्रस्तावात जिथे सुरुवातीला मोठमोठी उद्दिष्टं होती ती तिने खोडली आणि लिहिलं की सोबतच्या आवाजात झोपेत बोलणारी व्यक्ती मी स्वतः आहे, आपल्याच कंपनीत काम करते, आणि जागी असणारी व्यक्ती ती, जिला झोप मिळावी म्हणून हा प्रस्ताव आहे. तिने ध्वनिफीत जशीच्या तशी जोडली. प्रस्ताव गेला. मग तिने वरच्या कोपऱ्यातला तो दिवा स्वतःच घालवला आणि लॅपटॉप मिटला.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. तिची नोकरी गेली नाही, बढती गेली, आणि तिने रात्रीचं काम सोडलं. संस्थेचा होकार उन्हाळा संपताना आला. योगेशचं नाव प्रस्तावात नव्हतं ते शेवटी भिंतीवरच्या पाटीवर आलं.

पण त्या शुक्रवारी हे काहीच ठाऊक नव्हतं. अपेक्षानं खिडकीजवळच्या जागेवर शकूला आडवं केलं. शकू म्हणाली, चार वाजत आले, हिंमतरावांच्या घरी पोळ्या आहेत, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत झोपली. आमच्यापैकी कुणी हललं नाही. चार वाजून गेले आणि तिचा फोन थरथरायला लागला. मी तो उचलून दारापाशी नेला.

हिंमतराव होते. शकू अजून कशी आली नाही, म्हणून तापले होते. मी हलक्या आवाजात सांगितलं की ती झोपली आहे. आणि गेले सहा महिने का झोपली नव्हती, तेही सांगितलं. पलीकडे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

मग त्यांनी विचारलं, आणि इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं, "कुसुमताई, भाताला पाणी किती घालायचं?"

मी म्हटलं, "दुप्पट. आणि कुकरची शिट्टी होऊ देऊ नका."